गोठवणारे यंत्र किती गोठवते, हे त्यानेच सांगावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी सध्या जे बोलले जाते ते बहुतेक लसीविषयी असते, आणि मुलींना लस मिळालीच पाहिजे याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या स्त्रिया आज तिशी-चाळिशीत आहेत, त्यांना वाचवणारा मार्ग तपासणीचा आणि तपासणीत पूर्वकर्क डाग, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणारा भाग, आढळला तर शक्यतो त्याच दिवशी उपचार करण्याचा आहे. भारतात या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळतात आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावतात, असा २०२२चा जागतिक अंदाज सांगतो. पूर्वकर्क डागावरच्या उपचारांपैकी एक म्हणजे तो डाग गोठवून नष्ट करणे. वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मी या गोठवणाऱ्या यंत्राविषयी लिहीत आहे.

रुग्णालयात या यंत्राला नुसते ‘क्रायो’ म्हणतात. नायट्रस ऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर, त्यावर वायूचा दाब आवरणारा रेग्युलेटर आणि दाबाचा काटा, मग नळी, आणि शेवटी पिस्तुलासारख्या मुठीला जोडलेला प्रोब, म्हणजे धातूच्या टोकाची दांडी, एवढाच त्याचा पसारा असतो. दाबाखालचा वायू प्रोबच्या टोकाशी अगदी बारीक छिद्रातून बाहेर पडताना फैलावतो, थंड होतो आणि धातूच्या टोकाला गोठवतो. त्या टोकाभोवती गर्भाशयमुखावर बर्फाचा पांढरा गोळा धरतो. पेशी उणे २० अंशांच्या खाली निदान मिनिटभर राहिल्या तर मरतात. मात्र डोळ्यांना दिसणारी बर्फाची कड साधारण शून्य अंशाजवळ असते आणि मारक थंडी तिच्या आतच राहते, म्हणून बर्फ प्रोबच्या कडेपलीकडे चार-पाच मिलिमीटर पसरला पाहिजे असा दंडक आहे. तीन मिनिटे गोठवणे, पाच मिनिटे वितळू देणे आणि पुन्हा तीन मिनिटे गोठवणे, असा हा अकरा मिनिटांचा क्रम असतो. मधली पाच मिनिटे वाया जात नाहीत. पहिल्या गोठणीने बारीक रक्तवाहिन्या निकामी होतात, उबदार रक्ताचा पुरवठा तुटतो, आणि त्यामुळे दुसरी गोठण अधिक खोल जाते.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका ग्रामीण रुग्णालयात तपासणी शिबिर होते. यंत्र कुरकुर करते म्हणून मला बोलावले होते. पहिल्या तिघींचे उपचार व्यवस्थित झाले. चौथीच्या वेळी तीन मिनिटे भरल्याची घंटा वाजली, पण तिथल्या सिस्टरांनी प्रोब सोडवला नाही. त्या म्हणाल्या, “बर्फ कडेच्या बाहेर आलाच नाही, हे काय गोठवणं झालं?” त्यांचे निरीक्षण अचूक होते. एकीमागून एक उपचार झाल्याने सिलिंडरमधल्या द्रवाचे बाष्प होत होते, त्यात सिलिंडर स्वतःच गार पडले होते आणि दाब घसरला होता. सकाळी हिरव्या पट्ट्यात असलेला काटा खाली उतरला होता आणि गर्दीत कोणी त्याकडे पाहिले नव्हते. शिवाय वायूबरोबर आलेल्या ओलाव्याने बारीक छिद्राच्या तोंडाशी बर्फ धरला होता. यंत्राच्या हिशेबी मात्र उपचार पूर्ण झाला होता! सिस्टर अनुभवी नसत्या, तर ती बाई ‘बरी झालीस’ हा दिलासा घेऊन गावी गेली असती. बुडालेली रोजंदारी आणि घरच्यांची मनधरणी या दोन्ही गोष्टी पार करून ती एकदा आली होती; दुसऱ्यांदा येईल याची खात्री कोणी दिली असती?

चूक माणसाची नव्हती. हे यंत्र फक्त दोन गोष्टी दाखवते, सिलिंडरचा दाब आणि गेलेला वेळ. ज्या एका गोष्टीवर पेशींचे मरण अवलंबून आहे, ते टोकाचे तापमान मात्र ते दाखवत नाही. आपल्या हवामानात ही उणीव अधिक बोचते. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर आणि नायट्रस ऑक्साइड ३६ अंशांच्या थोडे वर गेला की कितीही दाब दिला तरी द्रवरूपात राहत नाही. मे महिन्यात लातूर-धाराशिवकडे पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या सिलिंडरचा दाब एरवीपेक्षा खूप चढतो, आणि पौषातल्या पहाटे तेच सिलिंडर सुस्त असते. वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसवलेले वेळेचे गणित इथे बाराही महिने लागू पडेल असे गृहीत धरणे मला अभियंता म्हणून पटत नाही.

माझी मुख्य मागणी म्हणून एवढीच आहे: प्रोबच्या टोकाशी तापमापक असावा, त्याचा आकडा मुठीवर ठळक दिसावा, आणि टोक ठरलेल्या थंडीला पोहोचल्यावरच वेळ मोजण्यास सुरुवात व्हावी. मध्येच थंडी कमी झाली तर घड्याळ थांबावे आणि तसा इशारा मिळावा. यात अशक्य काहीच नाही. थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमापक, ही स्वस्त, जुनी आणि खात्रीची वस्तू आहे. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी जे क्रायोबलून, म्हणजे हृदयात नेऊन गोठवणारा छोटा फुगा, वापरतात, त्यात डॉक्टर पडद्यावर तापमान पाहतच काम करतात. मोठ्या शहरातल्या रुग्णाला जे मिळते, ते ग्रामीण रुग्णालयातल्या बाईसाठी चैनीचे ठरू नये, असे मला कळकळीने वाटते.

दुसरी गोष्ट वायूच्या उधळपट्टीची. नेहमीच्या यंत्रात टोक थंड करून झालेला वायू सरळ बाहेर सोडला जातो, त्यामुळे थोड्याच उपचारांत सिलिंडर रिकामे होते आणि ते भरून आणायला जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी पाठवावी लागते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी जपायगो या संस्थेबरोबर ‘क्रायोपॉप’ नावाचे साधन तयार केले. त्यात कार्बन डायऑक्साइडचा कोरडा बर्फ करून त्यानेच टोक थंड ठेवले जाते आणि वायू पुष्कळ कमी लागतो. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत शीततंत्रावर संशोधन होते आणि पुण्यात उपकरणे घडवणारे कुशल हात आहेत. या दिशेचे काम इथेही व्हावे. जाता जाता एक सूचना: वापरलेला वायू खोलीबाहेर सोडणारी नळी प्रत्येक यंत्राला सक्तीची करावी. बंद खोलीत दिवसभर नायट्रस ऑक्साइड हुंगणाऱ्या परिचारिकेच्या प्रकृतीचाही विचार व्हायला हवा.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये उष्णतेने डाग नष्ट करण्याच्या पद्धतीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. ते यंत्र बॅटरीवर चालते, साधारण १०० अंशांच्या उष्णतेने मिनिटाच्या आत काम उरकते आणि त्याला सिलिंडर लागत नाही. मग गोठवण्याचा आग्रह कशाला? जिथे वायूचा पुरवठा भरवशाचा नाही तिथे उष्णतेचे यंत्रच घ्यावे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण जिथे क्रायोची यंत्रे आधीच आहेत आणि ती वापरणारे हात तयार आहेत, तिथे ती कोपऱ्यात धूळ खात ठेवण्यापेक्षा सुधारून घेणे शहाणपणाचे आहे. आणि त्वचेवरचे चामखीळ असोत की मूत्रपिंडातील लहान गाठ, गोठवण्याचे तंत्र वैद्यकातून जाणार नाहीच.

पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या सहभागातून टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी जो अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, एकच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे त्यात दिसले. जगभरच्या धोरणांना आधार देणारा हा पुरावा आमच्या भागातल्या शेतकरी आणि मजूर बायांनी दिला आहे. त्यांच्या लेकीसुनांच्या वाट्याला बिनभरवशाचे यंत्र येऊ नये.

महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाला माझी विनंती आहे की अशा यंत्रांच्या निविदेत टोकाच्या तापमानाचा आकडा दिसणे, दर उपचारामागे लागणारा वायू, आणि ४० अंशांच्या खोलीत लागोपाठ किमान पाच उपचार करून दाखवण्याची चाचणी या अटी घालाव्यात. देखभालीच्या करारात रेग्युलेटरची गाळणी आणि नळीची गोल सीले बदलण्याचे वेळापत्रक लिहिलेले असावे, कारण बहुतेक यंत्रे या दोन किरकोळ भागांपायी बंद पडलेली मी पाहिली आहेत. यंत्रासोबतचे माहितीपत्रक मराठीत असावे, आणि ते छापण्यापूर्वी शिबिरात प्रत्यक्ष क्रायो करणाऱ्या दोन-चार सिस्टरांना वाचायला द्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय उपकरण अभियंता,
लातूर