पेलेच्या बाजूनं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. 18 डिसेंबर 2022 ला लुसैलच्या मैदानावर मेस्सीनं वर्ल्ड कप उचलला, आणि आजवरचा सगळ्यात मोठा फुटबॉलपटू कोण हा प्रश्न त्याच रात्री निकालात निघाला, असं तू लिहिलंयस. ‘आता पेलेचं नाव घेणं म्हणजे नुसती जुन्यांची आठवण’ हे वाक्य मात्र मला लागलं. म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहायला बसलोय. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

मेस्सीबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही, हे आधी सांगतो. कतारमध्ये बाद फेरीच्या प्रत्येक सामन्यात त्यानं गोल केला, फायनलमध्ये दोन. त्या वेळी तो 35 वर्षांचा होता. त्याआधीच्या वर्षी रिओच्या माराकाना स्टेडियमवर ब्राझीलला हरवून कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेची स्पर्धा, घेतली होती. 2012 या एका वर्षात 91 गोल. एवढी वर्षं, एवढं सातत्य दुसऱ्या कुणाचं मला तरी दिसत नाही. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे आठ बॅलन डी’ओर पुरस्कार त्याला उगाच मिळालेले नाहीत.

पण तू बॅलन डी’ओर मोजतोस म्हणून सांगतो. 1995 पर्यंत तो पुरस्कार फक्त युरोपातल्या खेळाडूंसाठी होता. पेले आणि मॅराडोना त्यात धरलेच जात नव्हते. 2016 मध्ये ‘फ्रान्स फुटबॉल’ मासिकानंच, म्हणजे हा पुरस्कार देणाऱ्यांनीच, मागं जाऊन हिशेब केला, की दक्षिण अमेरिकेतले खेळाडू पात्र असते तर तो कुणाला गेला असता. पेलेच्या वाट्याला सात आले. तेव्हा या आकड्यावर एवढा जोर देऊ नकोस.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे. मेस्सीनं बार्सिलोनासाठी मारलेला जवळजवळ प्रत्येक गोल तुला या क्षणी मोबाईलवर बघता येतो, चार-चार कोनांतून, सावकाश करून. पेलेच्या ऐन भरातली वर्षं म्हणजे 1958 ते 1965. त्या काळातला त्याचा बहुतेक खेळ कुणी टिपलेलाच नाही. 5 मार्च 1961 ला माराकानावर फ्लुमिनेन्सविरुद्ध तो आपल्या अर्ध्या भागातून चेंडू घेऊन निघाला आणि वाटेतल्या सगळ्यांना चकवत गोल करून आला. तो गोल इतका विलक्षण होता, की त्याच्या सन्मानार्थ स्टेडियममध्ये धातूची पाटी बसवली. ब्राझीलमध्ये आजही एखाद्या अप्रतिम गोलला ‘पाटीचा गोल’ म्हणतात. त्या गोलचं चित्रण मात्र नाही. पाटी आहे, गोल नाही. 1959 च्या ऑगस्टमध्ये साओ पाउलोत रुआ जवारीच्या छोट्या मैदानावर ज्युव्हेंटस नावाच्या स्थानिक संघाविरुद्ध त्यानं एकामागून एक बचावपटूंच्या डोक्यावरून चेंडू काढला, शेवटी गोलकीपरच्याही डोक्यावरून काढला आणि हेड मारून गोल केला. पेले स्वतः त्याला आपला सर्वांत सुंदर गोल म्हणायचा. त्याचंही चित्रण नाही. पुढं ज्यांनी तो पाहिला होता त्यांच्या आठवणींवरून संगणकावर तो पुन्हा रचावा लागला.

आता सांग, आपण कोल्हापूरच्या खासबागेतल्या जुन्या कुस्त्यांच्या गोष्टी ऐकत वाढलो. कुणी कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं, हे घरातली मोठी माणसं उठून करून दाखवायची. तेव्हा आपण कुणाकडं चित्रफीत मागितली होती का? माणसाचा शब्द, वर्तमानपत्र, हरलेल्या पैलवानाचं बोलणं, एवढ्यावर आपण विश्वास ठेवला आणि तो बरोबरच होता. मग पेलेच्या बाबतीतच तुला पुरावा कॅमेऱ्याचाच का लागतो?

आणि जे टिपलं गेलंय ते तरी नीट बघ. स्वीडन, 1958. पोरगा 17 वर्षांचा. गुडघा दुखावलेला, म्हणून पहिले दोन सामने बाहेर. तिसऱ्या सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध त्याला आणि त्याचा जोडीदार आघाडीपटू गॅरिंशाला एकदमच उतरवलं. उपांत्यपूर्व फेरीत वेल्सचा बचाव फुटत नव्हता, तिथं एकमेव गोल त्याचा. उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध हॅटट्रिक. फायनलमध्ये यजमान स्वीडनविरुद्ध दोन, आणि त्यातला पहिला तू अगणित वेळा पाहिला असशील: उंच आलेला चेंडू छातीवर घेतला, अंगावर आलेल्या बचावपटूच्या डोक्यावरून अलगद काढला, तो जमिनीला लागायच्या आत जाळ्यात. सतराव्या वर्षी, वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये! सामना संपल्यावर तो गोलकीपर जिल्मारच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. आठ वर्षांपूर्वी माराकानावर उरुग्वेनं ब्राझीलला हरवलं, तेव्हा रेडिओपाशी बसलेल्या बापाच्या डोळ्यांत पाणी बघून या पोरानं ‘मी तुमच्यासाठी वर्ल्ड कप आणीन’ असं म्हटलं होतं. बाप दोंदिन्यो स्वतः फुटबॉलपटू, गुडघ्याच्या दुखापतीनं मागं पडलेला. दिलेला शब्द पोरानं इतक्या लवकर खरा केला.

तुझा मोठा आक्षेप हा, की पेले युरोपात खेळलाच नाही, घरच्या सोप्या मैदानांवर गोल करत राहिला. हा आक्षेप आजच्या नकाशावर उभा आहे. आज सगळे चांगले खेळाडू युरोपात जातात, म्हणून आपल्याला वाटतं की खरा फुटबॉल तिथंच. 1958, 1962 आणि 1970 हे तिन्ही वर्ल्ड कप जिंकणाऱ्या ब्राझीलच्या संघांत परदेशी क्लबात खेळणारा एकही खेळाडू नव्हता. म्हणजे जगातले सर्वोत्तम खेळाडू तेव्हा साओ पाउलो आणि रिओतच एकमेकांशी भिडत होते. पेले दर आठवड्याला त्यांच्याशी खेळायचा.

युरोपशी गाठ पडली तेव्हा काय झालं, तेही ऐक. 1962 साली पेलेचा क्लब सांतोस दक्षिण अमेरिकेचा विजेता आणि पोर्तुगालचा बेनफिका युरोपचा, तोही सलग दोन वर्षं. बेनफिकाच्या संघात तरणाबांड गोलवीर युसेबिओ. दोघांत दोन सामने झाले. पहिला माराकानावर, सांतोस 3-2, त्यात पेलेचे दोन. दुसरा लिस्बनमध्ये, बेनफिकाच्या स्वतःच्या प्रेक्षकांसमोर. सांतोस 5-2, पेलेची हॅटट्रिक. युरोपच्या विजेत्यांविरुद्ध दोन सामन्यांत पाच गोल! पुढच्या वर्षी मिलानमध्ये एसी मिलानकडून सांतोस 4-2 असा हरला, आणि ते दोन गोलही पेलेचेच. यापेक्षा आणखी काय करून दाखवायला हवं होतं त्यानं?

पेलेच्या हजारावर गोलांचा आकडा मी स्वतःच बाजूला ठेवतो. त्यात मैत्रीपूर्ण सामने आहेत, दौऱ्यांवरचे सामने आहेत, आणि त्यावरून तू टोकणार हे मला ठाऊक आहे. मला तो आकडा लागतच नाही. ब्राझीलसाठी 92 सामन्यांत 77 गोल, वर्ल्ड कपच्या 14 सामन्यांत 12, आणि तीन वर्ल्ड कप. तीन वर्ल्ड कप जिंकलेला खेळाडू आजवर तो एकटाच.

हो, 1962 चा कप खऱ्या अर्थानं गॅरिंशाचा, हे तुझ्या आधी मीच म्हणतो. पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला आणि गॅरिंशानं ती स्पर्धा एकट्यानं ओढली. त्या वाकड्या पायांच्या माणसावर मी कधीतरी वेगळं पत्र लिहीन. इथं एवढंच सांगतो, की पेले आणि गॅरिंशा दोघंही मैदानात असताना ब्राझील एकदाही हरला नाही.

1966 बद्दल मात्र मला अजून राग येतो. इंग्लंडमध्ये पहिल्याच सामन्यात बल्गेरियानं त्याला लाथाडलं. दुसऱ्या सामन्याला तो खेळू शकला नाही. तिसऱ्यात पोर्तुगालच्या मोराइशनं आधी एकदा पाडलं, तोल सावरत तो पुढं निघाला तोवर लगेच दुसऱ्यांदा. रेफ्रीनं मोराइशला बाहेरसुद्धा काढलं नाही. बदली खेळाडू उतरवायची सोय नव्हती, म्हणून पेले लंगडत उरलेला सामना खेळला आणि ब्राझील पहिल्याच फेरीत घरी आला. पिवळं आणि लाल कार्ड वर्ल्ड कपमध्ये आलं ते 1970 ला. आज मेस्सीच्या घोट्यावर कुणी तसा पाय टाकला, तर चार कॅमेरे आणि व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारे रेफ्री, त्याला बाहेर घालवतात, आणि तसंच व्हायला हवं. पण पेलेला हे कवच कधीच नव्हतं. बूट जड, पाणी पिऊन दगडासारखा होणारा चामड्याचा चेंडू, चिखलाची मैदानं, आणि पाठीमागून येणारे पाय. मोठेपण तोलताना हे तू तोलातच धरत नाहीस.

मॅराडोनालाही हा मार खावा लागला. 1983 मध्ये बार्सिलोनात असताना गोइकोएचेआ नावाच्या बचावपटूनं त्याचा घोटा मोडला होता. तरी तो उठला, 1984 ला नेपल्सला गेला आणि उत्तर इटलीच्या श्रीमंत क्लबांपुढं दबून राहिलेल्या तिथल्या नापोली क्लबला 1987 मध्ये त्यांच्या इतिहासातलं इटालियन लीगचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. 1986 चा वर्ल्ड कप आपण दोघांनी दूरदर्शनवर पाहिला. इंग्लंडविरुद्धचा तो दुसरा गोल, आपल्या अर्ध्या भागातून निघून गोलकीपर शिल्टनला चकवेपर्यंत, माझ्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाही. एका स्पर्धेपुरतं बोलायचं तर 1986 च्या मॅराडोनाच्या वर मी कुणालाच ठेवणार नाही, पेलेलाही नाही. पण सबंध कारकीर्द धरली तर 1990 नंतर तो मैदानाबाहेरच जास्त हरवला, आणि 1994 ला अमेरिकेतल्या वर्ल्ड कपमधून उत्तेजकाच्या चाचणीत सापडून परतला. तो शेवट आठवला की अजून वाईट वाटतं.

पेलेचा शेवट बघ. 1966 नंतर ‘वर्ल्ड कप पुन्हा खेळणार नाही’ असं म्हणालेला माणूस 1970 ला मेक्सिकोत परत आला, 29 वर्षांचा, आधीपेक्षा जाड, आधीपेक्षा शांत. माझा पेले तो आहे. त्याच्या न झालेल्या गोलांचीसुद्धा लोक आजवर चर्चा करतात. चेकोस्लोव्हाकियाचा गोलकीपर पुढं आलाय हे बघून त्यानं आपल्याच अर्ध्यातून मारलेला फटका. इंग्लंडविरुद्धचं हेडर, जे गॉर्डन बँक्सनं अशक्य वाटावं असं अडवलं. उरुग्वेविरुद्ध चेंडूला स्पर्शही न करता तो एका बाजूनं जाऊ दिला आणि स्वतः गोलकीपरच्या दुसऱ्या बाजूनं पळाला. फटका थोडक्यात बाहेर गेला, पण असा विचार डोक्यात येणं हीच केवढी गोष्ट!

आणि फायनल. इटलीविरुद्ध पहिला गोल पेलेचा, बचावपटू बुर्निचच्या वर उडी घेऊन हेडरनं. नंतर जर्झिन्योला डोक्यानंच चेंडू उतरवून दिला, तो तिसरा. मग 86 व्या मिनिटाचा तो गोल. क्लोदोआल्दो मागं चार इटालियनांना नाचवतो, चेंडू रिव्हेलिनोकडून जर्झिन्योकडं, तिथून पेलेकडं. पेले गोलसमोर उभा. दुसरा कुणीही असता तर मारलं असतं. तो थांबतो, उजवीकडं बघतही नाही, आणि चेंडू मोकळ्या जागेत सरकवतो, इतक्या हळू की कार्लोस आल्बेर्तोला धावत येऊन पाय बदलावा लागत नाही, गती कमी करावी लागत नाही. 4-1. आपल्या शाहू स्टेडियमवर असा पास किती वेळा चुकतो, तू आणि मी पाहिलंय. जोर थोडा जास्त झाला की पळणारा मागं पडतो, कमी झाला की बचावपटू पोहोचतो.

म्हणूनच माझा कौल पेलेला. मेस्सी पायानं जे करतो ते पेलेला तेवढं नाजूक जमलं नसेल, हे मी मानतो. पण दोन्ही पाय, डोकं, उडी, ताकद, वेग, पास आणि गोल हे सगळं एकाच अंगात पेलेइतकं कुणातच नव्हतं. मेस्सीचं डोक्यानं खेळणं आणि मॅराडोनाचा उजवा पाय, दोन्हींत उणेपण आहे. पेलेत ती जागा मला सापडत नाही. तुला सापडली तर लिही.

1977 च्या सप्टेंबरात तो न्यूयॉर्क कॉसमॉस या आपल्या अमेरिकन क्लबबरोबर कोलकात्यात आला होता. ईडन गार्डन्सवर, पावसानं भिजलेल्या मैदानात मोहन बागानशी 2-2 बरोबरी झाली. मोहन बागानकडून श्याम थापा आणि हबीबनं गोल केले. त्या दिवशी पेले थकलेला होता, फारसा खेळलाही नाही, तरी तो सामना पाहिलेले लोक आजही त्याबद्दल भरभरून बोलतात. आपल्या देशातल्या माणसांनी त्याला प्रत्यक्ष बघितलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता माझी एक विनंती. 1970 ची फायनल पूर्ण मिळते, नव्वदच्या नव्वद मिनिटं. ठळक क्षणांच्या तुकड्यांवर जाऊ नकोस, सलग बघ, आणि चेंडू पेलेकडं नसताना तो कुठं उभा असतो तेवढंच लक्षात ठेव. धाकट्यालाही जवळ बसव. तो फ्रान्सच्या एम्बापेच्या पलीकडं कुणाला मानत नाही असं वहिनी सांगत होत्या. बघून झालं की पत्रच लिही. आणि पेलेच्या खेळात मला न दिसलेली उणीव सापडली, तर मिनिटासकट कळव. मी ते मिनिट लावून बघेन.

घरी सगळ्यांना नमस्कार, काकूंना खास.

तुझा,
जुना सवंगडी