शंका काही बोटीने आल्या नाहीत

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ईश्वराच्या अस्तित्वाच्या तात्त्विक पुराव्यांवरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे. थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाचे ईश्वरसिद्धीचे पाच मार्ग इतक्या सोप्या मराठीत मी तरी यापूर्वी वाचले नव्हते. पण लेखाच्या शेवटी ते म्हणतात की ख्रिस्ती श्रद्धेवरच्या शंका म्हणजे अठराव्या शतकातल्या युरोपी नास्तिकांचा माल आणि आपल्याकडचे बुद्धिवादी नुसती त्यांची री ओढतात. हे लिहिण्याआधी त्यांनी आपल्याच घरातले जुने कपाट एकदा उघडायला हवे होते.

आधी त्यांचा हुकमी पुरावा घेऊ. जे जे घडवलेले आहे त्याला घडवणारा असतो, जग घडवलेले दिसते, म्हणून जगालाही कर्ता हवा. आपल्या न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, घट आणि कुंभार पुढे करून हेच मांडले. विल्यम पेली या इंग्रज पाद्र्याने 1802 साली कुंभाराच्या जागी घड्याळजी आणला. लेखकाच्या मते याला पहिला धक्का दिला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने, त्याच्या मृत्यूनंतर 1779 मध्ये छापलेल्या संवादांत. एवढे मोठे घर बांधायला पुष्कळ माणसे लागतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून, असे ह्यूम विचारतो. प्रश्न चांगलाच आहे. पण तो ह्यूमच्या कितीतरी शतके आधी रामानुजाचार्यांनी श्रीभाष्य या ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात विचारून ठेवला आहे. जगातल्या वस्तू वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या कर्त्यांनी केल्या असतील, तेव्हा नुसत्या अनुमानाने एक सर्वज्ञ ईश्वर हाती लागत नाही, असे ते बजावतात. विचारणारा नास्तिक नव्हे, परम वैष्णव! ईश्वर शास्त्रावरून मानायचा, तर्काने सिद्ध होतो असे म्हणू नका, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यांच्याही आधी सातव्या शतकात मीमांसादर्शनाच्या कुमारिल भट्टांनी विचारले होते की सृष्टीच नव्हती तेव्हा देवाला दया आली ती कोणाची? आणि दयेपोटीच निर्मिती केली, तर सगळे सुखीच का नाही केले?

शिवाय हा कर्ता क्षणभर मान्य केला तरी ख्रिस्ती श्रद्धेच्या पदरात काय पडते? एक आदिकारण. त्याला पुत्र आहे, तो कुमारिकेच्या पोटी जन्मला, त्याच्या मरणाने बाकीच्यांची पापे फिटली, यातले एक अक्षरही त्या पुराव्यातून निघत नाही. लेखक अक्वायनसवरून थेट क्रुसापर्यंत येतात आणि मधले अंतर दोन ओळींत उरकतात. खुद्द अक्वायनसने असे केलेले नाही. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे बुद्धीने सिद्ध होत नाही, देवाने स्वतः केलेल्या प्रकटीकरणानेच कळते, असे त्याने स्वच्छ सांगितले आहे. फ्रेंच विचारवंत पास्कलच्या पैजेचेही तेच. देव असेल तर सर्वस्व मिळेल, नसेल तर फारसे काही जात नाही, तेव्हा श्रद्धा ठेवावी, हे ठीक. पण कोणत्या देवावर, ते पैज सांगत नाही.

आता कपाटाकडे येतो. 1839 साली जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारा संस्कृत ग्रंथ लिहिला. गुरुशिष्यांचा संवाद, तोही श्लोकबद्ध. खऱ्या धर्माच्या कसोट्या म्हणून त्यात चमत्कार, शास्त्राची पवित्रता आणि सर्व मानवांसाठी असणे या गोष्टी येतात. त्याला लागलीच संस्कृतातून उत्तरे आली. पहिले सोमनाथ या नावाने मध्य भारतातल्या सिहोरच्या सुबाजी बापू या मराठी ज्योतिषाचे, आणि तिसरे काशीतल्या एका विशीतल्या चित्पावनाचे. त्याचे नाव नीळकंठशास्त्री गोरे. त्याचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ 1844-45 मधला. या पंडितांनी ह्यूम वाचलेला असण्याचा प्रश्नच नव्हता. चमत्कारांवरूनच धर्म ठरवायचा तर समुद्र पिऊन टाकणारे अगस्ती आमच्याकडे आहेत, मग निकाल कोणाच्या बाजूने, ही पेच टाकायला त्यांना कोणाची शिकवणी लागली नाही. हरेक धर्माचे चमत्कार एकमेकांना खोडून काढतात, असे ह्यूमने 1748 मध्ये लिहिले, ते याच्याच जवळपासचे.

गोऱ्यांचा खरा घाव मात्र दुसरीकडे होता. मूल जन्मतः आंधळे का? जनावराला यातना का? पूर्वजन्म मानणारा निदान कर्माकडे बोट दाखवतो. ब्रह्मसूत्रातही ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा ठपका येऊ नये म्हणून कर्मच पुढे केले आहे. ज्या धर्मात जीव पहिल्यांदाच जन्माला येतो, तिथे ही पळवाट नाही. आणि चार दिवसांच्या आयुष्यातल्या चुकांना अनंतकाळचा नरक, हा कुठला न्याय?

या प्रश्नाने ख्रिस्ती जगाला आतूनच किती छळले ते पाहा. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या तान्ह्या बाळांनाही शिक्षा आहेच, फक्त सर्वांत सौम्य, असे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने मानले. ते सहन होईना म्हणून मध्ययुगात ‘लिंबो’ नावाची एक कड काढून दिली गेली. तिथे यातना नाहीत, पण देवदर्शनही नाही. अखेर 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने अशी बाळे तरतील अशी आशा धरायला सबळ आधार आहे, असा दस्तऐवज काढला. सोळाशे वर्षे, आणि निष्पत्ती ‘आशा’. माझ्या मते ही नामुष्की नव्हे, उलट त्या धर्मशास्त्राच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. पण मग शंका घेणाऱ्यांना परदेशी मालाचे दलाल म्हणू नये.

पुढची हकिगत लेखकाला सोयीची वाटेल, म्हणून मीच सांगतो. हेच नीळकंठशास्त्री 1848 साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. षड्दर्शनांचे खंडन करणारा मोठा ग्रंथ त्यांनी लिहिला आणि ज्या सार्वकालिक शिक्षेवर तारुण्यात तुटून पडले तिच्याच समर्थनार्थ लेखणी उचलली. म्हणजे शंका फिटल्या? तसे दिसत नाही. त्यांच्या चरित्रात ते जन्मभर शंकांनी पोखरलेले दिसतात. धर्म बदलला, प्रश्न बदलले नाहीत.

याच फादर गोऱ्यांच्या पत्रांचा पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरात वाटा होता. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठात बाप्तिस्मा झाल्यावर रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत बारगळला होता. तिथे त्या शिकत आणि संस्कृत शिकवत. मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा त्या काळातला पत्रव्यवहार 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहांच्या संपादनाखाली छापला. लेखकाने तो जरूर मिळवावा. बाप्तिस्मा घेतलेली ही बाई त्रैक्य मानायला तयार नाही, येशूच्या ईश्वरत्वाबद्दल तिला खात्री नाही, आणि जो हा विश्वास अखंड राखणार नाही त्याचा कायमचा नाश होईल असे बजावणारा अथानासियसचा मतांगीकार, म्हणजे चर्चमधला श्रद्धेचा ठरीव कबुलीपाठ, तिच्या गळी उतरत नाही. मठाकडून उत्तर येते, आज्ञापालन कर, नम्र हो. रमाबाईंकडून जबाब जातो की भारतातल्या ब्राह्मणांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली, ती दुसऱ्या तसल्याच जोखडात घालायची नाही. रमाबाईंच्या छोट्या लेकीला, मनोरमेला, काय शिकवायचे यावरूनही खटके उडाले. ती पत्रे वाचताना मला सिस्टर जेराल्डिनचीसुद्धा कणव येते. बिचारीने लेकीसारखी माया केली आणि समोरून वेदान्त शिकलेली पंडिता प्रमाण मागत होती. पुढे 1891 च्या सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेला वेगळे वळण लागले हे खरे, पण त्या पत्रांतले युक्तिवाद त्यामुळे खोटे ठरत नाहीत.

आणि शंकेची वाहतूक उलट्या दिशेनेही झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचा बिशप कोलेन्सो झुलू भाषेत बायबलचे भाषांतर करत असताना त्याचा झुलू सहकारी विल्यम एन्गिडीने नोहाच्या जहाजाबद्दल विचारले की हे सगळे खरेच घडले का? बिशपचे गाडे तिथेच अडले. 1862 पासून त्याने बायबलच्या पहिल्या पुस्तकांतल्या आकड्यांची गणिती चिरफाड करणारे खंड काढले आणि पाखंडी ठरला. त्याच्या आधी 1853 मध्ये फ्रेडरिक मॉरिस या धर्मशास्त्रज्ञाची लंडनच्या किंग्ज कॉलेजातली प्राध्यापकी गेली ती सार्वकालिक शिक्षेवर शंका घेतली म्हणूनच.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर या पत्राचा भलताच उपयोग व्हायचा. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मिशनऱ्यांशी केलेल्या वादांचे दाखले हल्ली शेजारच्या ख्रिस्ती माणसाला हिणवायला दिले जातात. ते वाद वाचण्यासारखे आहेत. पण दुसऱ्याच्या शास्त्राला प्रमाण मागणाऱ्याने आपल्या शास्त्राला सूट द्यायची, हा कुठला वाद? ज्या गुन्ह्याची आठवणसुद्धा नाही त्याची शिक्षा आंधळ्या बाळाला, हे उत्तर मला अनंत नरकापेक्षा फारसे बरे वाटत नाही. आगरकरांना ते दोन्ही पटले नसते.

तेव्हा लेखकांना विनंती एवढीच की पुढच्या लेखात ह्यूम आणि त्याच्या चेल्यांना बाजूला ठेवावे आणि रामानुजांच्या आक्षेपाला उत्तर द्यावे. कर्ता एकच कशावरून? त्यानंतर चेल्टनहॅमच्या पत्रांतला एखादा प्रश्न घेतला तरी चालेल. आपण ते छापावे, मी वाचायला उत्सुक आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा