फ्रिज पुन्हा गार झाला आहे

फ्लॅगस्टाफ, ॲरिझोना

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फ्रिज बंद पडल्याचे मी फोनवर बोलून गेलो आणि तेव्हापासून आईला घास गोड लागत नाही, असे ताईकडून कळले. फ्रिज चालू आहे आणि मी दोन्ही वेळ जेवतो. गेले ते फक्त दूध आणि विरजण. मेतकुटाला फ्रिज लागत नाही.

इथे निवृत्त माणसे चांगली घरे विकून चाकांवरच्या घरात राहायला जातात, आणि गाडी उभी केली की चहा टाकण्याआधी आत पाणसळ ठेवतात. जमीन उतरती असेल तर चाकांखाली फळ्या सारतात. शेजारच्या आजोबांचा हा सोहळा पाहून मला हसू येई. अशा गाडीतल्या, म्हणजे माझ्याही, फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो, हे तेव्हा माहीत नव्हते. गॅसच्या ज्योतीवर अमोनिया आणि पाण्याचे मिश्रण उकळते, अमोनियाची वाफ वर जाऊन निवते, तो द्रव खाली उतरताना हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होऊन आतली उष्णता ओढून घेतो आणि शेवटी पाण्यात विरघळतो. पंप नसल्याने द्रवाचे उतरणे सारे उताराच्या भरवशावर असते. म्हणून गाडी कलली की द्रव नळीत अडतो, तळ फाजील तापतो आणि हे फार काळ चालले तर नळी कायमची चोंदते. बाबा, घर बांधताना तुम्ही गवंड्यामागे पाणसळ घेऊन फिरत होता, तुम्हाला हे पटेल. आईला विस्तवावर गारवा पटणार नाही, म्हणून इतके लिहिले.

माझी गाडी मात्र पाणसळीतच होती. मग फ्रिज रात्रभर विजेवर चालवला, तर सकाळी आत गार. म्हणजे नळ्या शाबूत होत्या आणि दोष ज्योतीत होता. बाहेरचे झाकण काढले तेव्हा ज्योत पिवळी आणि मलूल दिसली. गॅस बंद करून पाहतो तर बर्नरवर धुराड्यातून पडलेले गंजाचे पोपडे आणि नळीत कोळ्याचे जाळे. कुंचल्याने सगळे साफ केल्यावर ज्योत निळी झाली. तरी हे गाव महाबळेश्वराच्या दीडपट उंचीवर आहे, विरळ हवेत गॅस नीट जळत नाही, म्हणून सध्या विजेवरच ठेवतो.

आई, अमोनियाचा उग्र वास आला नाही, नळ्यांवर पिवळी भुकटीही नाही, म्हणजे गळती नाही. गॅसची गळती कळवणारे यंत्रही आत आहे. आणि गाडीत राहतो म्हणजे हाल काढतो असे समजू नये. फ्लॅटचे भाडे वाचते, त्यातूनच तनूच्या लग्नाच्या हॉलसाठी एक लाख वीस हजार रुपये या आठवड्यात पाठवत आहे. लग्नाला नक्की येईन. साखरपुड्याला रजा मिळाली नाही. रजेचे तनूला अजून सांगितलेले नाही, ते बाबांनी सांगावे.

कराडच्या स्थळाला एवढ्यात होकार कळवू नये. मुलगा कुठे राहतो असे त्यांनी विचारले तर गाडीत म्हणू नका, स्वतःच्या घरात असेही म्हणू नका. मी त्यांच्याशी फोनवर बोलेन.

विरजण नव्याने कसे लावायचे, ते आईने रविवारी सांगावे.

आपला नम्र मुलगा