घड्याळ थांबवा

संपादक महोदय,

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये गोलसमोर ‘मार्क’ घेतलेल्या, म्हणजे किक हवेतच झेललेल्या खेळाडूला नेम धरायला 30 सेकंद मिळतात. एसेंडनचा मॅथ्यू लॉइड तर मैदानाचं छप्पर बंद असतानाही गवत उडवून वारा पाहायचा! मर्यादा हवीच होती. पण या वेळात सामन्याचं घड्याळ चालूच राहतं. मग शेवटच्या मिनिटाला आघाडीवर असलेला संघ 6 गुणांच्या गोलची घाई कशाला करेल? मोजे वर ओढायचे, पुरते 30 सेकंद खायचे आणि मग किक मारायची. नियमात बसतं, म्हणून पंचही गप्प. निदान शेवटच्या पाच मिनिटांत तरी खेळाडू धाव घेईपर्यंत घड्याळ थांबवावं. सामना लांबेल थोडा, लांबू दे.

— एक वाचक, मेलबर्न