कुठलं खोडायचं, नले?

सोलापूर,
पितृपक्षातला शनिवार

प्रिय नले,

तुझं पत्र आलं, त्यानंतर तो भलामोठा व्हॉइस मेसेज आला, आणि माझ्याकडून अक्षर नाही. रागावली असशील. फोन केला असता, पण फोनवर तू "सोड ना गं कुमे" म्हणून विषय मिटवतेस आणि मला हा विषय मिटवायचा नाहीये. माझी शुगर आटोक्यात आहे, ह्यांचं मोतीबिंदूचं झालं, आता पेपरातलं बारीक अक्षरही वाचतात आणि मोठ्यानं वाचून दाखवतात. झाल्या तब्येती.

आता मुद्द्यावर येते. आमच्या मंडळानं गरजू बायकांना दिवाळीला द्यायचं किट यंदा बंद करायचं ठरवत आणलंय. जूनमध्ये मुलांना वह्या-दप्तरांसाठी देतो ती मदतही. त्याऐवजी घरखर्चाचं नियोजन शिकवणारे वर्ग घ्यायचे, पुण्याहून कुणी प्रशिक्षक आणायचे, आणि जी बाई सगळे वर्ग करील तिच्यापुरता मदतीचा विचार करायचा. मंडळातल्या अण्णांचं वाक्य तुला ऐकू येत असेलच: "फुकटचं पचत नाही." टाळ्या पडल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण बँकेतून निवृत्त झालेली मी एकटीच. म्हणाले, आधी तुम्ही एक वर्ग घेऊन बघा. श्रावणात सुरू केला. विडी घरकुलाकडच्या बायका, काही अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांतल्या. बहुतेक विड्या वळणाऱ्या, नवरे यंत्रमागावर नाहीतर रिक्षावर.

मी तुझीच पद्धत घेतली. फळ्यावर दोन रकाने, आत आलेलं आणि बाहेर गेलेलं. एकीला म्हटलं, सांगा तुमचा महिना. नले, तिनं वहीत न बघता सांगितला. विड्यांचे आठवड्याला बाराशे, म्हणजे महिन्याचे अठ्ठेचाळीसशे. नवऱ्याचे मागावरचे दहा हजार, मागाला सुट्टी पडली नाही तर. लाडक्या बहिणीचे पंधराशे. झाले सोळा हजार तीनशे. बाहेर जाणारं: भाडं साडेतीन हजार, लाइट नऊशे, गॅस नऊशे, सासूची औषधं अकराशे, मुलाच्या कॉलेजचे पंधराशे, किराणा साडेचार हजार, दूध-भाजी दोन हजार. आणि दोन कर्जांचे हप्ते, एक आठवड्याचा साडेआठशेचा, एक महिन्याचा बावीसशेचा. बेरीज बरोबर वीस हजार. ती माझ्याआधी करून बसली होती. मी नेहमीप्रमाणे विचारलं, यातलं काय कमी करता येईल? तिनं फळ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुमीच सांगा. कुठलं खोडायचं?"

वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्या फळ्याकडे बघत होत्या, जणू मी खरंच काहीतरी खोडणार होते. मी खडू ठेवला. खोडण्यासारखं एकही नव्हतं. पहिलं कर्ज कशाचं होतं माहीत आहे? मुलाच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचं. दुसरं पहिल्याचे हप्ते थकले म्हणून. रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आपल्याला ठाऊक आहे, मायक्रोफायनान्सचं, म्हणजे बिनतारण छोटं कर्ज घेणाऱ्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत हवेत. हिचे हप्ते छप्पन्नशे, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर. नियमात छान बसते ती. तरी दर महिन्याला सदतीसशेची तूट. ती भरून निघते कशी, तर किराणावाल्याची उधारी, बहिणीकडून उसने, भिशीचा नंबर आधी मागून घेणं, कानातलं गहाण टाकणं आणि पुढच्या महिन्यात ते सोडवायला दुसरं काही. एवढे व्यवहार एकाच वेळी डोक्यात धरून ती विड्या वळते. आपल्या शाखेतल्या कुठल्या अधिकाऱ्याला जमलं असतं गं हे? शून्यबाकी साहेबांना तर नाहीच, त्यांना स्वतःची टिफिनची उधारी लक्षात राहायची नाही.

तू आता लगेच म्हणशील, "म्हणूनच शिकवायला हवं." थांब. तुझं सांगोल्याचं भांडण मी विसरलेले नाही. 2003 चा दुष्काळ, बचत गटातल्या बायकांनी बचत थांबवू द्या म्हटलं, तू ऐकेनास. "वीस नाही तर दहा, पण बैठक आणि बचत थांबणार नाही." मी ओरडले होते की यांच्या घरी पिठाचा डबा रिकामा आहे आणि तू गटाचे पाच नियम, ती पंचसूत्री, सांगतेस. परतताना अख्ख्या रस्त्यात तू माझ्याशी बोलली नाहीस आणि पंढरपूरच्या स्टँडवर एकटीनं भजी खाल्लीस. गट टिकला, हे खरं. तो तुझ्या दहा रुपयांनी टिकला, हेही खरं. पण त्यांची जनावरं चारा छावणीनं जगवली नसती तर ते दहा रुपये कुठून आले असते? हे मी तेव्हा म्हटलं होतं, आजही म्हणते.

माझा भाचा दिल्लीला अर्थशास्त्रात काहीबाही करतो ते तुला माहीत आहेच. त्याला वर्गाचं सांगितलं तर त्यानं वाचायला धाडलं. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची परीक्षा घेतली होती संशोधकांनी, 2013 साली ते छापून आलं. बुद्धीची साधी कोडी. तोडणीआधी, म्हणजे हात तंग असताना एकदा, आणि उसाचे पैसे आल्यावर एकदा. माणूस तोच, शेत तेच. पैसे आल्यावर तोच माणूस जास्त बरोबर सोडवतो. पैशांची चणचण डोक्यातली जागाच खाते म्हणतात. मला ते वाचून आपल्या शनिवारच्या काउंटरची आठवण झाली. स्लिप भरताना चुकणाऱ्या बायकांवर आपण किती वैतागायचो, आणि ऊसबिल जमा झालं की त्याच बायका कशा खाडखाड सह्या करायच्या!

दुसरं 2014 चं, अमेरिकेतलं. पैशांचं व्यवहारज्ञान शिकवणाऱ्या कार्यक्रमांचे सगळे अभ्यास, दोनशेच्या वर, एकत्र मांडले. माणसं पैशांशी कशी वागतात यात जो फरक दिसतो, त्यातला शिकवण्यामुळे पडलेला हिस्सा 0.1 टक्का. गरिबांमध्ये त्याहून कमी. आणि कितीही तास शिकवा, वीस महिन्यांनी मागं काही उरत नाही. अण्णांना मी हे सांगितलं तर म्हणाले, अमेरिकेचं इथं कशाला. बरं, मग इथलंच घ्या. मध्य प्रदेशात 2011–12 मध्ये "सेवा" या बायकांच्या संघटनेनं काही गावांत माणशी दरमहा दोनशे, मुलांना शंभर, पुढे तीनशे आणि दीडशे, असे बिनशर्त दिले. दारूवर उडाले नाहीत. खाण्यावर, शाळेवर, कर्ज फेडण्यावर गेले.

आपल्याकडेही लाडकी बहीण सुरू झाली तेव्हा मंडळात हेच चाललं होतं, की बायका उडवतील. मी वर्गात विचारलं, पहिले पैसे आले तेव्हा काय केलंत? हप्ता, हप्ता, पोस्टातली आरडी, डोळ्यांचा चष्मा, हप्ता. एकीनं लाजत सांगितलं, मुलीला पैंजण. सगळ्या हसल्या, टाळी दिली तिला. मला ते पैंजण फार आवडले, नले. कुठल्या फळ्यावर मी ते उधळपट्टी म्हणून लिहू?

पण ऐक, किटाच्या बाजूनंही मी नाही. ते किट तू पाहिलं नाहीस. तेल, तूरडाळ, रवा, साखर, उटणं, वर मंडळाचं नाव छापलेली पिशवी, आणि देताना प्रत्येकीचा फोटो, अध्यक्षांसकट. वर्गातल्या एकीनं सरळ सांगितलं, आम्ही ते किराणावाल्याला निम्म्या भावात देतो आणि सोमवारचा हप्ता भरतो. रेशनचे गहू-तांदूळ 2023 पासून फुकट मिळतात, आनंदाच्या शिध्यात रवा-साखर कुठल्या ना कुठल्या सणाला मिळाली. त्यांना धान्य कमी पडत नाही, रोकड कमी पडते, आणि ती ठरावीक वेळी कमी पडते. जून बघ. शाळा सुरू, वह्या, फी, छत्री, गळकं छप्पर, आणि सर्द हवेत विडीचं पान कुजतं म्हणून विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये जास्त विड्या छाटल्या जातात. सगळी कर्जं जूनमध्ये उचलली जातात. आपण मदत देतो दिवाळीला, कारण दिवाळीला आपल्याला द्यावंसं वाटतं.

आणि शिकवण्यानं काहीच झालं नाही असंही नाही, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. "शेकडा तीन"चं घे. पाच-सहाजणींना वाटायचं सावकाराचं तीन आणि बँकेचं बारा, म्हणजे सावकार स्वस्त. महिन्याचं आणि वर्षाचं हे शेजारी शेजारी लिहिलं, तीनचे छत्तीस केले, तेव्हा एकीनं कपाळाला हात लावला. मग "फ्लॅट" व्याज सांगितलं. दहा हजारांवर बारा टक्के फ्लॅट, वर्षात फेडायचे अकरा हजार दोनशे, पण मुद्दल तर दर महिन्याला घटतंय, म्हणजे खरा दर साडेएकवीसच्या आसपास. ही गोष्ट एका बाईनं दुसऱ्याच आठवड्यात वापरली. सावकाराकडे निघालेली ती बँकेत सोनं तारण ठेवून आली. मी तिच्याबरोबर गेले होते, कारण काउंटरवर तिला कुणी नीट उत्तर देईना. तेव्हा शिकवणं उपयोगी पडलं ते कर्ज घ्यायच्या दारात उभी असताना, आणि कुणीतरी सोबत असताना. घरखर्चाचे तक्ते भरण्यानं कुणाचं काही झालं नाही. तक्ता त्यांच्या डोक्यात आधीपासून आहेच.

भाच्यानं पश्चिम बंगालमधलंही सांगितलं. मुर्शिदाबादमध्ये बंधन संस्थेनं अगदी तळातल्या बायकांना गाय-शेळ्या किंवा दुकानाचा माल दिला, फुकट. काही आठवडे खायला पैसे दिले, आणि वर्ष-दीड वर्ष एक कार्यकर्ती दर आठवड्याला घरी जायची. दहा वर्षांनी बघितलं तर ती घरं अजून वर होती. तुझं आणि माझं भांडण त्यांनी एकाच घरात राहायला लावलंय. पण बघ, देणं शिकवण्यावर अडवून ठेवलं नव्हतं. अण्णांचं उलटं आहे. आधी परीक्षा, मग भाकरी.

आणि मला सगळ्यात टोचतंय ते हेच. गरिबानं मदत मिळवायला आपण शहाणे आहोत हे सिद्ध करून दाखवायचं. मंडळातल्या कुणाला मुलाच्या लग्नाआधी खर्चाचा तक्ता दाखवावा लागला होता? कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत 2006 साली विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली. विडी कामगारांचे पुढारी आडम मास्तर, त्यांच्या मोर्च्यांत आपण दोघी मिळून कर्जाचे फॉर्म वाटत फिरायचो ते आठव. घराच्या किमतीत केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बाईचा स्वतःचा वाटा. तो वाटा त्यांनी कसा जमवला! नाण्यांच्या पुरचुंड्या काउंटरवर आल्या होत्या, तूच मोजल्या आहेस. नियोजनाचा वर्ग त्यांचा कुणी घेतला नव्हता. समोर घर दिसत होतं.

म्हणून माझं म्हणणं मी असं मांडणार आहे. प्रशिक्षकाच्या मानधनाचे पैसे आणि किटाचे पैसे एकत्र करायचे. ते जूनच्या पहिल्या आठवड्यात बायकांच्या खात्यात घालायचे, बिनशर्त, फोटो न काढता. आणि दर शनिवारी संध्याकाळी मी मंडळाच्या खोलीत बसेन. जिला कर्ज घ्यायचंय, फेडायचंय, कागद समजून घ्यायचाय तिनं यावं, यायचं नसेल तर येऊ नये. एवढंच. या फळ्यावाल्या बाईचं दुसरं कर्ज मात्र मंडळानं एकरकमी फेडावं असं मी वेगळं मागणार आहे. बावीसशे सुटले की सदतीसशेची तूट पंधराशेवर येते, आणि पंधराशेच्या तुटीवर ती मात करते, मला खात्री आहे. एकीला दिलं की सगळ्या मागतील, असं म्हणणारच. मागू देत. मागितल्याशिवाय कुणाला काय हवंय ते आपल्याला कळणार कसं?

तुझं "पण" मला इथपर्यंत ऐकू येतंय. ते लिहून पाठव, कारण बैठकीत मला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून आधी ऐकायचं नाही. तुझ्याकडे गटाच्या वहीचा तो जुना एकपानी नमुना असेल, चित्रांचा, ज्यात अक्षर न येणारी बाईसुद्धा कर्ज आणि परतफेड भरायची. त्याचा फोटो पाठव. शनिवारच्या बसण्याला तो लागेल.

तुझं कळलं सगळं. सुनेची बदली नागपूरला, म्हणजे नातू काही दिवस तुझ्याकडेच, मजा आहे. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटवर सही घाईनं करू नकोस, कागद आधी मला पाठव. धाकटीच्या नोकरीचं लवकर कळव, मी सिद्धेश्वराला बोलले आहे. पाठीला पट्टा लाव म्हटलं होतं, लावतेस का?

बैठक घटस्थापनेनंतरच्या रविवारी आहे. त्याआधी अण्णांना एक फोन कर. सांगोल्यापासून ते तुला घाबरतात, आणि किटाच्या बाबतीत ते तुला स्वतःच्या बाजूची समजतात. त्यांना तूच सांग की दहा रुपयांच्या आधी चारा छावणी होती.

तुझी,
कुमुद

ता. क. शेंगाचटणी आणि कडक भाकरी ह्यांच्या मित्राबरोबर धाडतेय. डबा परत पाठव, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.