पिशवी उघडून दाखवायला सांग

मालवण

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

गुहागर तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून तू रुजू झालास, हे कळून मनापासून आनंद झाला. औषधांच्या त्या खिडकीत बसून एक काम तुझ्या हातून अवश्य व्हावे असे मला वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला येणाऱ्यांपैकी कोणाची मूत्रपिंडे धोक्यात आहेत, याचा सुगावा पुष्कळदा आधी आपल्याला लागू शकतो. कारण सरकारी दवाखान्यातले, खाजगी डॉक्टरांचे आणि मनाने घेतलेले औषध एकाच जागी पाहण्याची संधी आपल्यालाच मिळते.

माझ्या औषधांच्या दुकानात ६२ वर्षांच्या, मासळी विकणाऱ्या एक काकू येतात. घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या, असे मी त्यांना सांगितले, तेव्हा पिशवीतून रक्तदाबाचे टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी निघाली, मधुमेहाचे मेटफॉर्मिन निघाले आणि एसिक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या पट्टीचा कात्रीने कापलेला तुकडा निघाला, ज्यावर औषधाचे अर्धेच नाव उरले होते. टोपली वाहून कंबर धरते म्हणून ही गोळी त्या रोज घेत होत्या. टेल्मिसार्टनमुळे मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब उतरतो, हायड्रोक्लोरोथायझाइडने लघवीवाटे शरीरातले पाणी घटते आणि वेदनाशामकाने मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आकसतात. तिन्ही औषधे एकत्र आली की मूत्रपिंडाला सावरायला वाव उरत नाही, आणि वैशाखात घाम गाळणाऱ्याला, किंवा जुलाब-उलट्या झालेल्याला, तर हा धोका फारच वाढतो. यात काढून टाकायची ती वेदनाशामक गोळी. टेल्मिसार्टन एरवी मूत्रपिंडाचे रक्षणच करते, त्यामुळे रुग्णाने घाबरून ते परस्पर बंद करू नये, हेही आपणच समजावले पाहिजे.

मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ती गोळी थांबवून गरजेपुरते पॅरासिटामॉल दिले आणि रक्त तपासायला सांगितले. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, १.६ आले. आकडा किरकोळ वाटतो, पण वय आणि लिंग धरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, काढला तर तो ३६ च्या आसपास येतो! तीन महिन्यांहून अधिक काळ तो ६० च्या खाली राहिला तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार समजतात. ४५ च्या खाली मेटफॉर्मिनची मात्रा कमी करण्याचा विचार करावा लागतो आणि ३० च्या खाली ते बंदच करतात. डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली. तीन महिन्यांनी आकडा फारसा सुधारला नव्हता, मात्र घसरलाही नव्हता, आणि या आजारात तेही मोठेच आहे.

नुसत्या क्रिएटिनिनवर मात्र विसंबू नकोस. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी गुणोत्तर बिघाड पुष्कळ आधी दाखवते, आणि मधुमेह्यांची ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी.

खाण्याचेही विचारत जा. सुकट, खारे बांगडे आणि लोणचे ज्या घरात रोज असते, तिथे दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवणे कठीण, हे मान्य करूनच बोलावे. शहाळ्याचे पाणी आपल्याकडे आजाऱ्याला हमखास देतात. पण त्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि ज्यांचे पोटॅशियम आधीच वाढलेले आहे त्यांच्या ते जिवावर बेतू शकते.

रुग्णाला समुपदेशन करणे हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी आपले कर्तव्यच ठरवले आहे. मात्रा बदलणे डॉक्टरांकडे, पण विचारणे आणि कळवणे आपल्याकडे. तुझ्या केंद्रात अल्ब्युमिनची तपासणी होते का, की नमुने बाहेर पाठवावे लागतात, ते पहिल्याच पत्रात कळव. म्हणजे रुग्णाच्या कार्डावर कोणकोणते आकडे लिहीत जायचे, ते दोघे मिळून ठरवू.

तुझा,
अनंत