आईच्या डोकेदुखीवरील इंजेक्शनांविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

डॉक्टरांनी आईच्या अर्धशिशीसाठी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने सुचवल्यापासून तुम्हा दोघांची चाललेली घालमेल परवाच्या बोलण्यातून जाणवली. फोनवर एकाचे वाक्य पुरे होण्याआधी दुसऱ्याची शंका निघते, म्हणून सारे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. आईने ही इंजेक्शने घेऊन पाहावीत. मात्र दुखणे समूळ जाईल या आशेवर नव्हे, तर महिन्यातले किती दिवस तिला मोकळे मिळतात हे मोजून पाहण्याच्या तयारीने.

बाबा, हे मुळात विष आहे हा तुमचा आक्षेप खराच आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूपासून निघणारे हे प्रथिन ज्ञात विषांपैकी अत्यंत जहाल गणले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी बिघडलेल्या मांसाच्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास केला आणि हेच द्रव्य अत्यल्प प्रमाणात औषध म्हणून उपयोगी पडू शकेल, असे त्याच वेळी सुचवले. आज १०० युनिटच्या एका कुपीत या विषाचे वजन नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत मोजावे लागते. ते शुद्ध करून, ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या मात्रेत टोचले जाते. तरीही तुमची सावधगिरी मला योग्यच वाटते, कारण या औषधाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा असतोच. त्याविषयी पुढे लिहिते.

हा सुरकुत्या घालवण्याचा प्रकार आहे, असेही तुम्ही म्हणालात. क्रम उलटा आहे. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर उपाय शोधताना हे द्रव्य वापरात आणले आणि १९८९ मध्ये तेथील औषध नियामकांनी तिरळेपणा व पापण्यांच्या अनैच्छिक आकुंचनासाठी त्याला मान्यता दिली. मान वेदनेसह एका बाजूला वळत राहण्याच्या विकारासाठी २००० मध्ये मान्यता मिळाली, आणि सुरकुत्यांचा क्रमांक त्यानंतर, २००२ मध्ये लागला. कपाळावर ही इंजेक्शने घेतलेल्या काही जणांनी आपली डोकेदुखीही कमी झाल्याचे सांगितले, तेव्हा संशोधकांचे लक्ष अर्धशिशीकडे वळले. दीर्घकालीन अर्धशिशीसाठीची मान्यता २०१० ची आहे.

आई, स्नायू सैल झाल्याने डोके दुखायचे कसे थांबेल, असे तू विचारलेस. मज्जातंतूंच्या टोकांशी रासायनिक संदेश सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असतात. त्या पिशव्या रिकाम्या होण्यासाठी लागणारे एक प्रथिन हे औषध तोडून टाकते. स्नायूंना आकुंचनाचा निरोप देणारे ॲसिटिलकोलीन त्यामुळे सुटत नाही, हे तर खरेच. परंतु वेदनेची जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या तंतूंतून सुटणारी द्रव्येही, विशेषतः अर्धशिशीत महत्त्वाचे ठरलेले सीजीआरपी, याच मार्गाने रोखली जातात. कपाळ, कानशिले, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे येथील तंतू अशा रीतीने काही काळ शांत राहतात. पुढे मज्जातंतू पुन्हा पूर्ववत काम करू लागतात आणि सुमारे तीन महिन्यांत परिणाम ओसरतो. त्यामुळे इंजेक्शने पुन्हा घ्यावी लागतात; पण काही मानवले नाही तर तेही काळाने उतरते, ही मला दिलाशाची बाजू वाटते.

आता सर्वांत महत्त्वाचे, उपयोग किती होतो. मान्यतेचा आधार ठरलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून १,३८४ रुग्ण होते आणि त्यांना २८ दिवसांपैकी सरासरी सुमारे २० दिवस डोकेदुखी होत असे. चोवीस आठवड्यांनी औषध घेतलेल्यांचे असे दिवस सरासरी ८.४ ने घटले, तर नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांचे ६.६ ने. म्हणजे केवळ औषधाच्या खात्यावर सरासरी दोनच दिवस जमा होतात. हा आकडा कोणी तुम्हांला सांगितला नसेल, आणि तो लपवून तुमचे मन वळवणे मला पटत नाही. पण सरासरीच्या आत काही जणांना फारसा गुण येत नाही आणि काहींचे दुखणे निम्म्याहून खाली येते. औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांचे दुखण्याचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झाले. पाणी टोचलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. आई यांपैकी कोणत्या गटात बसेल हे घेतल्याशिवाय कळणार नाही. या चाचण्यांत ६५ वर्षांपर्यंतचेच रुग्ण घेतले होते, म्हणून तिच्या वयाचा विचार कसा केला, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

हे औषध महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ डोके दुखणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांतले किमान आठ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे असावे लागतात. आईची नोंदवही पाहता ती या व्याख्येत बसते. तिच्या गुडघ्यांसाठीही हेच घ्यावे, असा सल्ला कोणी दिला तर तो तूर्त बाजूला ठेवा. एका दुखण्यावर चालले म्हणून ते दुसऱ्यावर चालेल असे नसते.

टोचण्याला फार वेळ लागत नाही. ३१ ठिकाणी बारीक सुईने एकूण १५५ युनिट दिली जातात आणि दर १२ आठवड्यांनी हे पुन्हा करतात. नंतर मान दुखणे, मानेत अशक्तपणा वाटणे, एखादी पापणी काही आठवडे खाली येणे असे त्रास होऊ शकतात, आणि कपाळावर आठ्या घालता येईनाशा होतात. माहितीपत्रकातला इशारा मात्र गंभीर आहे: औषधाचा परिणाम शरीरात दूरवर पसरल्यास गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. असे क्वचित घडते. पण तसे काही वाटले तर रात्र असो वा पहाट, थेट रुग्णालय गाठायचे, उद्यावर ढकलायचे नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके यांविषयी डॉक्टरांना आधी सांगावे लागते. बाबा, आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी तुम्हीच सोबत न्या. तिला विचारले तर निम्म्या गोळ्या सांगायच्या राहून जातील.

वेदनाशामक गोळ्यांविषयीही बोला. साध्या गोळ्या महिन्यातून १५ दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीवरच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या १० दिवस घेत राहिले, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागू शकते. आई, तू सोसत आलीस आणि सोसवेना तेव्हाच गोळी घेतलीस, हे मला ठाऊक आहे. यात तुझा दोष कोणीही काढू नये.

पहिल्या खेपेत गुण दिसला नाही, तरी एवढ्यावरून नकार देऊ नये, असे मला वाटते. ब्रिटनमधील नाइस ही संस्था दोन खेपांनंतर दुखण्याचे दिवस किमान ३० टक्के कमी झाले नसतील तर उपचार थांबवायला सांगते, आणि हीच कसोटी आपणही धरावी. त्यासाठी आत्तापासून नोंदवहीत रोज तीनच गोष्टी हव्यात: डोके दुखले का, किती वेळ, आणि कोणती गोळी घेतली. आईला दुखत असताना लिहिणे जमत नाही, तेव्हा हे काम बाबांनी करावे. भेटीची तारीख ठरली की कळवा; मी रजा काढून येते आणि आत तुमच्यासोबत बसते. अखेरचा होकार किंवा नकार आईचा, आणि तो काहीही असला तरी मला मान्य आहे.

तुमची लेक